मुलगा ब्लॉग काढणार म्हणतो, काढू द्यावा काय?



पदवी घेऊन दोन-तीन वर्षे नोकरीच्या अर्जांत घालविलेला मुलगा एके दिवशी घरात जाहीर करतो, "मी ब्लॉग काढणार. त्यात पैसा आहे." आईला बरे वाटते, पोराला काहीतरी मार्ग दिसला. वडिलांनी आयुष्यभर महिन्याच्या पगारावर घर चालविलेले असते. साहेब नाही, हजेरी नाही आणि तरी पैसे मिळणार, हे त्यांच्या गळी उतरत नाही. तेवढ्यात कुठल्या तरी क्लासची जाहिरात मुलाच्या मोबाईलवर येते: तीन महिन्यांत ब्लॉगिंग शिका, घरबसल्या महिना लाख रुपये मिळवा, फी फक्त तीस हजार. मग घरात वाद सुरू होतो. मुलीच्या बाबतीत हा वाद होतच नाही, कारण तिला कोणी विचारीतच नाही.

असे पालक आणि अशी मुले आम्हांला वरचेवर भेटतात, म्हणून आज हा विषय घेतला आहे. आमचे मत आधीच सांगून टाकतो. ब्लॉग जरूर काढू द्यावा. फी मात्र एक पैसाही भरू नये. आणि महिन्याला पगार सुरू होईल या हिशेबाने तर मुळीच काढू नये.

ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरची स्वतःची वही. नवे लिहिलेले वर येते, जुने खाली सरकते, आणि जगात कोणालाही ते वाचता येते. १९९७ साली जॉर्न बार्गर या अमेरिकन गृहस्थाने आपल्या अशा पानाला 'वेबलॉग' असे नाव दिले. १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झ नावाच्या दुसऱ्याने गमतीने त्याची फोड 'वुई ब्लॉग' अशी केली आणि पुढे नुसते 'ब्लॉग' राहिले. त्याच वर्षी 'ब्लॉगर' ही फुकट सोय निघाली. २००३ साली ती गूगल कंपनीने विकत घेतली आणि ती आजही फुकट आहे. २००३ च्याच मे महिन्यात 'वर्डप्रेस' आले. ते तयार करणाऱ्या दोघांपैकी मॅट मुलेनवेग हा तेव्हा १९ वर्षांचा विद्यार्थी होता आणि माइक लिटल इंग्लंडात राहत होता. हे सॉफ्टवेअर त्यांनी कोणालाही फुकट वापरण्यास मोकळे ठेवले. आज जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे त्यावर चालतात. म्हणजे साधन फुकट, आणि ते वापरायचे कसे याची माहितीही फुकट. मग क्लासवाला तीस हजार कशाचे घेतो, हा प्रश्न पालकांनी फी भरण्यापूर्वी विचारावा.

यशस्वी ब्लॉग कसा असतो याचे आपल्या देशातलेच उदाहरण घेऊ. अमित अगरवाल हे रुरकीच्या आयआयटीतून शिकलेले संगणक अभियंता. हैदराबादची चांगली नोकरी सोडून ते आपल्या गावी, आग्र्याला परतले आणि २००४ साली त्यांनी 'डिजिटल इन्स्पिरेशन' हा इंग्रजी ब्लॉग सुरू केला. भारतातील पहिले पूर्णवेळ व्यावसायिक ब्लॉगलेखक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यांनी काय लिहिले? कविता नाहीत, राजकारण नाही. संगणकावर बसलेल्या माणसाची एक अडचण घ्यायची आणि ती कशी सोडवायची ते साध्या भाषेत सांगायचे. एका लेखात एक अडचण. हे काम ते वीस वर्षांहून अधिक काळ करीत आले. पुढे लोकांच्या त्याच त्याच अडचणी पाहून त्यांनी स्वतःच छोटी-छोटी सॉफ्टवेअर तयार केली. जीमेल वापरणाऱ्याला एकाच वेळी अनेकांना वेगवेगळ्या नावांनी पत्र पाठविता यावे, अशा प्रकारची ही कामे आहेत. नुसत्या जाहिरातींवर विसंबून न राहता दुसरा पाय त्यांनी असा रोवला. तंत्रज्ञानाबरोबर चालणे याला म्हणतात, असे आम्हांला वाटते.

आता कोणी म्हणेल, ते आयआयटीवाले, इंग्रजीत लिहिणारे. आमच्या पोराचे काय? बरोबर आहे. त्यांची पदवी उचलता येणार नाही, सवय उचलता येईल. अमेरिकेतील जेसन कॉटके हा गृहस्थ मार्च १९९८ पासून आपला ब्लॉग चालवितो. २००५ मध्ये त्याने नोकरी सोडली आणि वाचकांनाच सांगितले, वर्गणी द्या. वाचकांनी दिली. पण मधली सात वर्षे तो नोकरी करूनच लिहीत होता, हे विसरू नये. ही सात वर्षे क्लासच्या जाहिरातीत कुठेच नसतात.

पैशाचा हिशेबही एकदा मांडून पाहू. ब्लॉगवर गूगल कंपनी ज्या जाहिराती लावते त्या व्यवस्थेला 'ॲडसेन्स' म्हणतात. ती २००३ पासून आहे. जाहिरातीच्या उत्पन्नातील साधारण ६८ टक्के वाटा लिहिणाऱ्यास मिळतो. १० डॉलर जमले की तुमच्या घरच्या पत्त्यावर पोस्टाने एक गुप्त क्रमांक येतो. तो भरल्यावर पत्ता खरा ठरतो. (पोस्टमनला घर सापडत नसेल त्यांनी आधी पत्ता नीट करावा. वस्तीतल्या पत्त्यांची काय अवस्था असते, हे आम्ही सांगावयास नको.) आणि १०० डॉलर पूर्ण झाल्याशिवाय बँकेत काही जमा होत नाही. समजा, पान हजार वेळा उघडले गेल्यावर तुम्हांला अर्धा डॉलर सुटतो. मग पहिल्या १०० डॉलरसाठी पान दोन लाख वेळा उघडले गेले पाहिजे. मराठीत लिहिणाऱ्यास दोन लाख वेळा! शिवाय ॲडसेन्सने हिंदीला २०१४ च्या अखेरीस दार उघडले, मराठीला त्यानंतर आणखी काही वर्षे थांबावे लागले. त्या काळात मराठीत उत्तम लिहिणाऱ्यांनाही या दाराने एक रुपया मिळत नव्हता.

त्यात आता नवी भर पडली आहे. पूर्वी गूगलवर प्रश्न टाकला की संकेतस्थळांची यादी येई आणि माणूस त्यातले एखादे उघडी. मे २०२४ पासून अमेरिकेत आणि त्याच वर्षी भारतातही, कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले उत्तरच यादीच्या वर दिसू लागले. उत्तर तिथेच मिळाल्यावर पुढे जातो कोण? अमेरिकेतील प्यू या संशोधन संस्थेने मार्च २०२५ मधील लोकांचे वागणे तपासले. जिथे असे तयार उत्तर होते तिथे शंभरातल्या ८ वेळाच कोणी खालचा दुवा उघडला. जिथे ते नव्हते तिथे १५ वेळा. म्हणजे जवळजवळ निम्मे. "मधाचे दहा फायदे", "मोबाईल लवकर चार्ज कसा करावा" असले इकडून तिकडून उचललेले लेख लिहून पोट भरणाऱ्यांचे दिवस यामुळे कठीण झाले आहेत, आणि क्लासमध्ये नेमके हेच लेख लिहिण्यास शिकवितात.

मग नवीन तंत्रज्ञानाबरोबर राहायचे म्हणजे रोज निघेल त्या नव्या गोष्टीमागे धावायचे काय? गेल्या तीस वर्षांचा इतिहास पाहावा. १९९४ साली सुरू झालेल्या जिओसिटीजवर जगभरच्या लोकांनी आपली घरगुती पाने मांडली होती. याहू कंपनीने ती विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेतील हे संकेतस्थळ बंद केले. ऑर्कुट आपल्या तरुणांना चांगले आठवत असेल. २००४ मध्ये आले, भारतात घराघरांत पोचले, ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. गूगल रीडर जुलै २०१३ मध्ये गेले. गूगल प्लस २०११ मध्ये आले आणि २०१९ मध्ये गेले. फेसबुकने २०१५ मध्ये वृत्तपत्रांना सांगितले, तुमचे लेख आमच्याच घरात ठेवा, लवकर उघडतील. त्या योजनेचे नाव 'इन्स्टंट आर्टिकल्स' होते. २०२३ मध्ये तीही गुंडाळली. मध्यंतरी "लेख कोण वाचतो, व्हिडिओ काढा" अशी हाकाटी झाली आणि अमेरिकेतील काही संस्थांनी लेखकांना घरी बसवून कॅमेरे घेतले. २०१६ साली फेसबुकला कबूल करावे लागले की, लोक व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहतात याचा आकडा दोन वर्षे फुगवून दाखविला गेला होता. तीन सेकंदांच्या आत व्हिडिओ सोडून देणारे लोक सरासरीत धरलेच नव्हते! कॅमेरे राहिले, नोकऱ्या गेल्या. आपल्याकडे जून २०२० मध्ये सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, आणि खेड्यापाड्यांतल्या ज्या मुला-मुलींनी तिथे लाखो चाहते जमविले होते त्यांचा सारा पसारा एका रात्रीत नाहीसा झाला.

दुसऱ्याच्या जागेत टाकलेली टपरी ती. मालक कधी उठवील सांगता येत नाही.

याउलट काय टिकले? टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली जगापुढे ठेवलेल्या पहिल्या संकेतस्थळाची जपलेली प्रत आजच्या मोबाईलवरही उघडते. साधी अक्षरे आणि साधे दुवे, बस्स. ई-मेल १९७१ पासून आहे. आरएसएस नावाची एक युक्ती १९९९ पासून आहे. (नाव ऐकून आमच्या काही वाचकांच्या भुवया चढतील. त्यांनी निश्चिंत असावे, हिचा नागपूरशी संबंध नाही!) एखाद्या ब्लॉगवर नवे काही आले की वाचकाला आपोआप कळावे, अशी ही सोय आहे. ती कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही, म्हणून गूगल रीडर गेले तरी ती राहिली. ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्हींत ती आपोआप मिळते.

म्हणून ब्लॉग काढणाऱ्याने पहिला खर्च करायचा तो स्वतःच्या नावाच्या पत्त्यावर. याला 'डोमेन' म्हणतात. शेवटी 'डॉट इन' किंवा 'डॉट कॉम' असलेला पत्ता वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आत-बाहेर मिळतो. २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' असाही मिळू लागला आहे. हा पत्ता फुकटच्या ब्लॉगरलाही जोडता येतो. उद्या ब्लॉगर बंद पडले तरी पत्ता तुमचा. घर बदला, पाटी तीच. मात्र पत्ता कोणाच्या नावावर आहे आणि पासवर्ड कोणाकडे आहे, हे घरात लिहून ठेवा. मंडळाचे किंवा संस्थेचे संकेतस्थळ हौसेने काढले जाते, ते काढणारा तरुण नोकरीला परगावी जातो, पैसे भरण्याची तारीख टळून जाते आणि तो पत्ता भलताच कोणी घेऊन बसतो, असे घडते. तसेच सर्व लेखन एका फायलीत उतरवून घेण्याची सोय असते. सहा महिन्यांतून एकदा ती वापरून प्रत पेन ड्राइव्हवर ठेवावी. इंटरनेट आर्काइव्ह ही १९९६ पासून चालणारी अमेरिकेतील धर्मादाय संस्था जगातील वेबपानांच्या प्रती जपून ठेवते. तिच्या 'वेबॅक मशीन'मध्ये आपल्या लेखाचा पत्ता टाकला की त्याची प्रत तिथेही राहते, फुकट. ही काळजी अनाठायी नाही. २०१३ मध्ये इंटरनेटवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी सापडेनाशी झाली होती, असे त्याच प्यू संस्थेने २०२४ मध्ये सांगितले.

आता अक्षरांकडे येऊ. मराठी लिहिणाऱ्याचे सर्वांत मोठे नुकसान इथेच झाले आहे आणि क्लासवाले याविषयी चकार शब्द काढीत नाहीत.

नव्वदच्या दशकात संगणकावर मराठी आली ती श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फाँटांतून. छापखान्यांची त्यांनी फार मोठी सोय केली. खिळे जुळविण्याचे काम संपले, पत्रिका, स्मरणिका, साप्ताहिके झटपट निघू लागली. पण त्या फाँटांत एक खोच होती. संगणकाच्या लेखी तुम्ही इंग्रजी अक्षरेच टाकलेली असत. फाँट फक्त त्या अक्षरांना देवनागरीचे कपडे चढवी. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाईल उघडा, की कपडे उतरतात आणि नुसती अक्षरांची खिचडी दिसते. गूगलला तर ती खिचडीच दिसते. तुम्ही 'शिष्यवृत्ती' असे शोधाल, तिथे तो शब्दच नसतो.

यावर उपाय म्हणजे युनिकोड. जगातल्या प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरीसाठी १२८ जागा आहेत. 'क' हा कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर 'क'च राहतो, फाँट कुठलाही असो. तरी मराठीच्या काही खाणाखुणा उशिराच सुटल्या. 'ॲ' हे अक्षर, ज्यावाचून 'ॲप' आणि 'ॲडमिशन' लिहिता येत नाही, त्याला स्वतःचा क्रमांक २००८ साली मिळाला. 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांना' यांतला तो अर्धा र हिंदीत लागत नाही, म्हणून हिंदीसाठी केलेल्या कळफलकांवर तो सापडत नसे आणि लोक 'दुसर्या' लिहून मोकळे होत. आज मोबाईलवर मराठी कळफलक असतो आणि तो युनिकोडच लिहितो. जो मुलगा रोज मित्रांना मराठीत निरोप पाठवितो, त्याला ब्लॉगसाठी वेगळे टायपिंग शिकावे लागत नाही.

आणखी एक वाईट खोड पडली आहे. चांगला लेख किंवा महत्त्वाची सूचना फोटोच्या रूपात करून व्हॉट्सॲपवर फिरवायची. दिसायला सुरेख दिसते. पण चित्रातील अक्षरे महिन्याभराने शोधू म्हटले तर सहसा सापडत नाहीत, दुसऱ्याला त्यातले चार शब्द उचलून घेता येत नाहीत, आणि अंध वाचकाच्या मोबाईलमधले वाचून दाखविणारे यंत्र त्यापुढे मुके होते. शिष्यवृत्तीची अखेरची तारीख अशी चित्रात अडकून पडलेली आम्ही कितीदा पाहिली आहे! तोच मजकूर ब्लॉगवर युनिकोडमध्ये टाकून त्याचा दुवा व्हॉट्सॲपवर पाठवावा. दुपटीने उपयोग होतो.

राहिला प्रश्न, लिहावे काय. यंत्राला जे ठाऊक नाही ते. पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर कसा भरावा, हे सरकारी सूचनेत असते. पण आधार क्रमांक खात्याशी जोडलेला नसल्यामुळे रक्कम कशी अडकते, बँकेत कोणता कागद मागतात, कॉलेजच्या कार्यालयात अर्ज पुढे सरकला की नाही ते कुठे पाहावे, हे ज्याने स्वतः चकरा मारल्या त्यालाच माहीत. जात पडताळणीला आजोबांच्या शाळेचा दाखला कसा मिळविला, हे एखाद्या मुलीने पायरी-पायरीने लिहिले तर तिच्या तालुक्यातल्या पाचशे घरांना ते उपयोगी पडेल. दोन लाख वाचकांची वाट पाहण्याचे कारण नाही. आजीची भाजी, वाडीतल्या विहिरीचा इतिहास, बंद पडलेल्या गिरणीतल्या खात्यांची नावे, हेही लिहावे.

असे साधे साहित्य केवढे मोठे होऊ शकते याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगाव फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या एक लाखाच्या वर भरल्या. बर्नार्ड बेल यांनी नव्वदच्या दशकात त्या संगणकावर नीट लावून ठेवल्या, कित्येकींचे आवाज ध्वनिमुद्रित केले. पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या 'पारी' या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या क्रमाक्रमाने येत आहेत. गाणारीचे नाव, गाव यांसह. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. दळण दळताना गायलेली ओवी आज कोणीही मोबाईलवर ऐकू शकतो. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बाईच्या ओव्या कोणी लिहून घेतल्या आहेत काय, याची चौकशी ज्याने त्याने करावी.

पालकांना आमचे सांगणे एवढेच की, मुलाला किंवा मुलीला एक वर्ष द्या. आठवड्याला एक लेख, स्वतःच्या माहितीचा, हजार रुपयांच्या पत्त्यावर. स्पर्धा परीक्षा असेल तर ती चालू ठेवावी, नोकरी असेल तर मुळीच सोडू नये. वर्षाच्या शेवटी पन्नास लेख हातात असतील. अर्जासोबत ते दाखविता येतात. पैसे आले नाहीत तरी मुलाचे लिहिणे सुधारलेले असते, मराठीचे टायपिंग आणि संकेतस्थळ सांभाळण्याचे काम अंगवळणी पडलेले असते, आणि या कामाला माणसे हवी असतात. ज्यांनी फी आधीच भरली आहे, त्यांनी पावती जपून ठेवावी. उत्पन्नाची हमी लेखी दिली असेल आणि ती खोटी ठरली, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसह काढून ठेवला असल्यास उत्तम.

पुढील अंकात जुन्या फाँटांतील फायली युनिकोडमध्ये कशा आणाव्यात ते पाहू. कोणाच्या कपाटात मंडळाच्या स्मरणिकांच्या जुन्या सीडी पडल्या असतील तर त्या तोवर काढून ठेवाव्यात. सीडीही कायम टिकत नाहीत, आणि त्या वाचणारी यंत्रे तर नव्या संगणकांत येईनाशी झाली आहेत.